वऱ्हाड, कपाशी आणि मोबाइलचे कुलूप : मालक कोण, किल्ली कोणाकडे?

१८५३ साली वऱ्हाडाला दोन धनी मिळाले. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकला होता. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत झालेल्या तहाने निजामाने वऱ्हाडचा सुपीक मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. मुलूख निजामाचा, वसुली इंग्रजांची. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने या व्यवस्थेचे कायमच्या पट्ट्यात रूपांतर केले. निजामाला वर्षाला २५ लाख रुपये आणि त्याच्या सार्वभौमत्वाची कागदोपत्री कबुली, एवढे त्याच्याकडे उरले. पुढच्याच वर्षी वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला.

मीर उस्मान अली खानाने १९२० च्या दशकात आपला मुलूख परत मागितला. लॉर्ड रीडिंगने १९२६ च्या पत्रात तो नाकारला आणि ब्रिटिश सत्तेपुढे निजामाला बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही, हेही सुनावले. १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. पदवी मिळाली, मुलूख मिळाला नाही. अमरावती-अकोल्याचा शेतकरी सारा भरायला जात होता तो इंग्रजी कचेरीतच.

कागदावरची मालकी आणि प्रत्यक्ष ताबा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे वऱ्हाडाने शंभर वर्षे पाहिले. आजचा धागा त्याच प्रश्नाचा आहे, फक्त वस्तू लहान आहे आणि ती खिशात मावते. दुकानातून पावतीसह विकत घेतलेल्या मोबाइलचे कुलूप मालकाने उघडले, तर तो गुन्हा ठरतो का? आणि गुन्हा नसेल, तर त्याची किंमत कोण मोजतो?

अकोट तालुक्यातल्या एका गावचा, अमरावतीला विद्यापीठात शिकणारा एक विद्यार्थी हा प्रश्न दोन फोन घेऊन अकोल्याच्या बाजारात आला होता. एक फोन वडिलांचा, पाच वर्षे वापरलेला. कंपनीने त्याची अद्यतने केव्हाच थांबवली होती. दुसरा त्याचा स्वतःचा, सात महिन्यांचा, वॉरंटीतला. त्यात कंपनीने आधीच भरलेली आणि काढता न येणारी ॲप्स होती, आणि मधूनच उगवणाऱ्या जाहिराती.

वडिलांच्या फोनची निकड अधिक होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी जी पिकाची नोंद करी, ती आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, मोबाइलवर पिकाचा फोटो काढून करायची. ती नोंद सातबाऱ्यावर चढते. नुकसानभरपाईच्या वेळी शेतात काय उभे होते, याचा पुरावा म्हणून ती पाहिली जाते. म्हणजे जुना, अडखळणारा फोन ही त्या घरात केवळ गैरसोय नव्हती. मुलाच्या वाचनात लिनिएज ओएस या मुक्त प्रणालीविषयी आले होते. ती जुन्या यंत्रावर अँड्रॉइडची नवी आवृत्ती चालवू शकते. पण त्यासाठी आधी बूटलोडर उघडावा लागतो.

बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम. वाड्याच्या दिंडी दरवाजावरच्या देवडीवाल्यासारखे त्याचे काम. पुढे येणारी प्रणाली कंपनीच्या सहीची आहे की नाही, हे तो पाहतो. सही नसेल तर आत घेत नाही. बूटलोडर उघडणे म्हणजे या देवडीवाल्याला ‘मालक मी आहे, मी म्हणेन त्याला आत घे’ असे सांगणे. रूट करणे ही त्यापुढची पायरी. त्यात प्रणालीच्या अंतर्भागातले सर्वाधिकार वापरणाऱ्याकडे येतात.

दुरुस्तीवाल्याने दोन्ही फोन पाहिले आणि दोन वेगळी उत्तरे दिली. “भाऊ, बाबांच्या फोनची वारंटी कवाच संपली, तो खोलू आपण. तुमच्या नव्याले हात नोका लावू.” काहून, असे विचारल्यावर तो म्हणाला, “उद्या डिस्प्ले गेला तं कंपनीवाला म्हणते, तुमीच बिघडवला.” आणि हे कायद्याने चालते का, या प्रश्नावर त्याचे उत्तर होते, “ते वकिलाले विचारा भाऊ.”

दुरुस्तीवाल्याचे पहिले उत्तर अनुभवाचे होते आणि बरोबर होते. दुसऱ्या उत्तराला मात्र मोठा इतिहास आहे. बाजारात ‘अनलॉक’ हा एकच शब्द निदान तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक, फोन एकाच दूरसंचार कंपनीच्या सेवेला बांधलेला असतो ते कुलूप. दोन, फोनचा ओळख क्रमांक. तीन, प्रणालीचे कुलूप. कायद्याच्या दृष्टीने या तिघांची जात वेगळी आहे, आणि लोकांच्या मनातली भीती मात्र एकच.

थोडे मागे जाऊ. यंत्र घरात असले म्हणजे ते आपले झाले, ही कल्पना भारतात तशी अलीकडची आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याविना रेडिओ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. पोस्टात जाऊन शुल्क भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा, ही घरोघरची रीत १९८० च्या दशकापर्यंत टिकली. आजी-आजोबांच्या ट्रंकेत अशी पुस्तिका अजून सापडते. सापडल्यास ती रद्दीत घालू नये. टेलिफोनचे तर यंत्रच सरकारी खात्याचे असे. घरात असे ते केवळ वापरण्यासाठी. अमेरिकेतही बेल कंपनी आपल्या तारेला परके उपकरण जोडू देत नसे. १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने ती बंदी मोडली, आणि जाळ्याला अपाय न करणारे स्वतःचे उपकरण जोडण्याचा मार्ग ग्राहकाला मोकळा झाला.

भारतात कुलपाची खरी गोष्ट सुरू होते ती रिलायन्स इन्फोकॉमपासून. डिसेंबर २००२ मध्ये, धीरूभाई अंबानींच्या जयंतीला, या सेवेची घोषणा झाली. १०,५०० रुपयांचा म्हणून सांगितलेला हँडसेट थोड्या आगाऊ रकमेवर हाती यायचा आणि उरलेले पैसे तीन वर्षांच्या मासिक हप्त्यांत वळते व्हायचे. २००३ च्या पावसाळ्यात तर ५०१ रुपये भरून फोन घरी नेण्याची योजना आली. ज्या घरांत तोवर लँडलाइनही नव्हती, तिथे मोबाइल पोचला. कंपनी फोनवर स्वतः पैसे घालत होती, म्हणून तिने फोन आपल्याच सेवेला बांधून ठेवला होता. हे सीडीएमए तंत्राचे फोन होते. त्यांत सिम कार्ड नसे; यंत्रात कोरलेल्या ईएसएन या क्रमांकावरून जाळे फोन ओळखत असे. ग्राहकाने दुसऱ्या कंपनीकडे जायचे म्हटले तर फोन रिकामा ठोकळा.

मग हैदराबादेत तक्रार झाली. प्रतिस्पर्धी टाटा इंडिकॉमचे काही कर्मचारी रिलायन्सच्या ग्राहकांना वळवून, त्यांच्या सॅमसंग आणि एलजी फोनमधले हे क्रमांक आणि प्रोग्राम बदलून ते आपल्या जाळ्यावर चालू करून देतात, असा आरोप होता. गुन्हा नोंदला गेला आणि प्रकरण आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात गेले. २९ जुलै २००५ चा ‘सय्यद असिफुद्दीन विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ हा निर्णय भारतातल्या मोबाइल-कुलपाच्या इतिहासातला पहिला मोठा दगड म्हणावा लागेल.

न्यायालयाने तीन गोष्टी केल्या. फसवणूक, विश्वासघात आणि कट या भारतीय दंडविधानाखालच्या कलमांपुरता गुन्हा रद्द केला. मोबाइल फोन हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या व्याख्येत बसणारा ‘संगणक’ आहे, असे ठरवले. आज हे स्वयंस्पष्ट वाटते, तेव्हा नव्हते. आणि ओळख क्रमांकात फेरफार हा त्या कायद्याच्या कलम ६५ खाली येऊ शकतो, तसेच प्रोग्राममधल्या बदलाला कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ लागू शकते, असे सांगून तेवढा तपास चालू ठेवला. कलम ६५ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे.

या निर्णयाचा दाखला पुढे सरसकट ‘अनलॉकिंग बेकायदा आहे’ असा दिला जाऊ लागला, आणि तिथेच इतिहासाचा विपर्यास होतो. हा गुन्हा रद्द करावा या अर्जावरचा निर्णय होता. कोणी दोषी की निर्दोष, हे त्यात ठरले नाही. आरोपी ग्राहक नव्हते, प्रतिस्पर्धी कंपनीची माणसे होती. आणि प्रश्न मुख्यतः ओळख क्रमांक बदलण्याचा होता. स्वतःच्या फोनमध्ये वेगळी प्रणाली घालणाऱ्या माणसाविषयी त्या निर्णयात काहीही नाही.

ओळख क्रमांकाच्या बाबतीत मात्र कायदा उत्तरोत्तर कडक होत गेला, आणि त्याला कारणही होते. बिनक्रमांकाचा फोन शोधता येत नाही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ही गोष्ट अधिकच टोचू लागली. स्वस्त चिनी फोनांत आयएमईआय क्रमांक नसे किंवा हजारो फोनांत एकच असे. ३० नोव्हेंबर २००९ नंतर असे फोन बंद करण्याचे फर्मान निघाले. गंमत अशी, की त्याआधी सरकारच्या संमतीने १९९ रुपयांत खरा क्रमांक फोनमध्ये ‘रोवून’ देण्याची मोहीमही झाली. म्हणजे फोनच्या अंतरंगात हात घालण्याचे तेच कृत्य अधिकृत केंद्रात सेवा होते आणि गल्लीतल्या दुकानात गुन्हा. २०१७ च्या नियमांनी क्रमांकातला फेरफार स्पष्टपणे दंडनीय केला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. त्यामुळे एखादा दुकानदार ‘आयएमईआयही बदलून देतो’ म्हणाला, तर फोन उचलून दुकानाबाहेर पडावे. इथे चर्चेला जागा नाही.

आता तिसरे कुलूप, प्रणालीचे. जून २००७ मध्ये पहिला आयफोन अमेरिकेत आला तो एकाच दूरसंचार कंपनीला बांधलेला. ऑगस्टमध्ये जॉर्ज हॉट्झ या १७ वर्षांच्या मुलाने ते बंधन सोडवून दाखवले. भारतात आयफोन अधिकृतपणे आला २२ ऑगस्ट २००८ रोजी, ३१,००० रुपयांपासून पुढे. त्याआधीच परदेशातून आणलेले, कुलूप तोडलेले आयफोन मोठ्या शहरांतल्या बाजारांत विकले जात होते, अर्थात पावती आणि वॉरंटीविना.

अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने कुलूप तोडणे हेच स्वतंत्र कृत्य म्हणून निषिद्ध केले होते. चोरी करा अथवा करू नका, कुलूप तोडले की दोष. मग दर तीन वर्षांनी काँग्रेसच्या ग्रंथपालाने अपवाद जाहीर करायचे, अशी विचित्र व्यवस्था आली. २०१० मध्ये आयफोनचे जेलब्रेकिंग अपवादात गेले. जानेवारी २०१३ मध्ये नव्या फोनांच्या नेटवर्क-अनलॉकिंगचा अपवाद संपला, लोक खवळले, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामांनी त्यासाठीच्या कायद्यावर सही केली. फोन माझा, पण तो उघडायला ग्रंथपालाची परवानगी! निजामाला हे लगेच समजले असते.

भारताने हा मार्ग घेतला नाही, आणि याचे श्रेय आपल्याकडे फारसे कोणी देत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आले. त्यात कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण एका अटीवर : ते कृत्य कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने झालेले असले पाहिजे. चित्रपटांच्या चोरट्या प्रती काढण्यासाठी कुलूप तोडले तर गुन्हा. कायद्याने मनाई न केलेल्या हेतूसाठी तोडले तर हे कलम आड येत नाही, असे त्याच कलमात पुढे लिहिले आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रामचा दुसऱ्या प्रोग्रामशी मेळ घालण्यासाठी आवश्यक ती माहिती काढण्याचीही, काही अटींवर, मुभा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ ‘मालकाच्या परवानगीविना’ संगणकात शिरण्याबद्दल बोलते. इथे मालक स्वतःच दार उघडतो आहे.

कलम ६५-अ मध्ये एक बारीक तरतूद आहे, जी अकोल्याच्या काय, कुठल्याही शहरातल्या दुरुस्तीवाल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जो दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देतो, त्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळख पटण्याजोगा तपशील आणि उघडण्याचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. म्हणजे कायदा दुकानदाराला मज्जाव करत नाही. त्याच्याकडून वही मागतो. सराफ गहाणाची नोंद ठेवतो तशीच ही. या वहीवाचून दुकानदाराचे काम संशयाच्या छायेत राहते, आणि वही असेल तर त्याचाच बचाव होतो.

तेव्हा गुन्ह्याची भीती ही बऱ्याच अंशी चुकीच्या जागी धरलेली भीती आहे. खरा धोका फौजदारी नाही, तो दिवाणी आहे. त्याचे नाव वॉरंटी.

वॉरंटी हा करार आहे आणि तो कंपनीने लिहिलेला आहे. काही कंपन्या बूटलोडर उघडण्याची अधिकृत सोय स्वतःच देतात, आणि त्याच पानावर ‘यानंतर वॉरंटी राहणार नाही’ असेही बजावतात. उघडताना फोनमधला सारा मजकूर पुसला जातो. फोन पुन्हा मिटवला तरी खूण राहू शकते. २०१३ पासून सॅमसंगच्या नॉक्स व्यवस्था असलेल्या फोनांत एक सूक्ष्म फ्यूज असतो. परकी प्रणाली आत आली की तो जळतो, आणि जळलेला फ्यूज सॉफ्टवेअरने परत जोडता येत नाही. जुन्या दस्तावरच्या लाखेच्या मोहरेसारखा तो एकदाच फुटतो. सेवा केंद्रातला माणूस ती खूण पाहतो आणि फोन परत सरकवतो.

पण प्रणाली बदलल्याने पडद्याची काच कशी तडकेल? चार्जिंगचे सॉकेट कसे सैल होईल? हा प्रश्न भारतात मोबाइलच्या बाबतीत नाही, तर मोटारींच्या बाबतीत विचारला गेला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. त्याच आदेशात, ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजातून काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करणारी अट घालू नये, असेही बजावले होते. दंडावर पुढे अपिले झाली, तो भाग निराळा. तत्त्व महत्त्वाचे आहे : बिघाडाचा आणि बाहेरच्या हाताचा संबंध दाखवता आला पाहिजे. अमेरिकेच्या १९७५ च्या वॉरंटी कायद्याचाही रोख याच दिशेने आहे. मोबाइलच्या प्रणालीला हेच तत्त्व लावायला हवे. मात्र मोटारीसाठी आलेला आदेश फोनवाल्याने सेवा केंद्रात फडकावला, तर त्याला कोणी दाद देईल अशी आशा ठेवू नये.

दाद मागायची ती ग्राहक आयोगापुढे, आणि इथे एक पायरी चुकते. फोन सदोष निघाला, सेवेत कसूर झाली, तर अमरावती किंवा अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पण ‘ही वॉरंटीची अटच अन्याय्य आहे’ असे म्हणायचे असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अन्याय्य कराराची तक्रार जिल्ह्यात चालत नाही, ती राज्य आयोगापुढे न्यावी लागते. पंधरा हजारांच्या फोनसाठी तारखांना अकोल्याहून नागपूर गाठणारा ग्राहक विरळाच. अट टिकून राहते ती न्याय्य आहे म्हणून नव्हे, तर ती तपासायला कोणी जात नाही म्हणून.

म्हणूनच दुरुस्तीवाल्याचा सल्ला रास्त होता. विद्यार्थ्याने नवा फोन तसाच मिटलेला ठेवला. काढता न येणारी ॲप्स शक्य तितकी निष्क्रिय केली आणि वॉरंटी संपण्याची तारीख पावतीच्या मागे लिहून ठेवली. वडिलांचा फोन मात्र उघडला गेला. त्यातले सातबाऱ्याचे, आजीचे आणि मागच्या हंगामातल्या बोंडअळीचे फोटो आधी संगणकावर घेतले. नवी प्रणाली प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवली. हे महत्त्वाचे, कारण अनोळखी जागेवरची प्रणाली बसवणे म्हणजे घराची किल्ली कंपनीकडून काढून चोराच्या हाती देणे. फोन हलका झाला आणि पीक पाहणीही झाली.

बँकेचे ॲप मात्र उघडेना. फोन सुरू होताना पडद्यावर इशारा झळकतो, आणि फोनची प्रणाली मूळची आहे का हे गूगलच्या तपासणीतून विचारणारी ॲप्स काम नाकारतात. पैशांच्या व्यवहाराच्या ॲप्सचा यात मोठा वाटा आहे. यात कायदा नाही, वॉरंटी नाही, कोणाकडे अपीलही नाही. कुलूप उघडणारा मालक ठरतो, पण विश्वासार्ह ठरत नाही. वडिलांचे कापसाचे पैसे आले की नाही, हे पाहायला बाप-लेक पुन्हा पासबुक घेऊन बँकेत जाऊ लागले. बँकांच्या बाजूनेही बोलण्याजोगे आहे : उघड्या फोनमध्ये फसवणुकीचे ॲप खोलवर शिरू शकते, हे खरेच आहे. तरी पाच वर्षे अद्यतन न मिळालेला मिटलेला फोन त्यांना चालतो आणि ताज्या प्रणालीचा उघडा फोन चालत नाही, यातली विसंगती नजरेआड करता येत नाही.

त्याच अकोट तालुक्यात कुलपाचा आणखी एक खटका २०१९ मध्ये उडाला, आणि तो मोबाइलचा नव्हता. १० जून रोजी अकोली जहांगीर या गावी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक-सहनशील कपाशीचे, म्हणजे एचटीबीटीचे, बियाणे उघडपणे पेरले. या वाणाला केंद्राच्या जनुकीय मूल्यांकन समितीची मान्यता नव्हती. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता, तरी शेतकरी जमले. निंदणाची मजुरी परवडत नाही, तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य आमचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शरद जोशींपासून चालत आलेली ही मांडणी. पोलिसांत गुन्हेही नोंदले गेले.

बियाणे आणि फोन एकाच मापाने मोजता येत नाहीत. शेजारच्या शेतात परागकण जातात, तणे तणनाशकाला निर्ढावतात. उघडलेला फोन शेजाऱ्याच्या फोनला सहसा काही करत नाही. पण एका बाबतीत दोन्ही अगदी सारखे आहेत. चोरट्या एचटीबीटीच्या पाकिटाला पावती नसते. ते उगवले नाही, किंवा त्यात भलतेच बी निघाले, तर शेतकरी कृषी अधिकाऱ्याकडे जाऊ शकत नाही, ग्राहक आयोगाकडेही नाही. कैदेची भीती शेतकऱ्याने झुगारली, पण दाद मागण्याची वाट बंद झाली ती झालीच. वऱ्हाडात हा सौदा शेतकरी दर हंगामात डोळे उघडे ठेवून करतो.

आणि इथे बियाण्याचा कायदा फोनच्या कायद्यापेक्षा पुढे गेलेला दिसतो. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, वाटण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि कंपनीचे नाव न लावता विकण्याचाही हक्क देते. संरक्षित वाणाचे सुद्धा. कंपनीने पाकिटावर काहीही छापले तरी हा हक्क जात नाही. त्याच कलमात पुढे असेही आहे, की नोंदणीकृत वाण विकणाऱ्याने त्याची अपेक्षित कामगिरी सांगितली पाहिजे, आणि ती साधली नाही तर शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. थोडक्यात, राखून ठेवण्याची मोकळीक आणि कामगिरीची हमी दोन्ही एकाच कलमात आहेत, आणि पहिली घेतली म्हणून दुसरी काढून घेतली जात नाही.

फोनसाठी असे कलम नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली, आणि २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले. कंपन्यांनी सेवा केंद्रांची, वॉरंटीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी, अशी ती योजना आहे. सुरुवातीला चार क्षेत्रे निवडली गेली : शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू, आणि वाहने. ट्रॅक्टर आणि फोन सरकारी कागदावर असे एका यादीत आले. बूटलोडर उघडल्यावर काचेची वॉरंटी जाते की राहते, याचे उत्तर त्या पोर्टलवरही कंपनीच्याच शब्दांत मिळते.